नवी एसएसडी बसवूनही गेम साडेतीन मिनिटं लोड होत होता: एका तक्रारीचा शोध

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका खेळाडूच्या डेस्कटॉपचं आहे. तिचं नाव, गेमचं नाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील काढून टाकले आहेत. गेम एकट्याने खेळायचा, ओपन वर्ल्ड प्रकारचा आणि बराच जुना. तिचा जीव त्यात होता. एकच पात्र घेऊन ती काही वर्षं खेळत आली होती आणि त्या काळात तिने भरपूर मॉड (खेळाडूंनी बनवलेले, गेममध्ये बदल करणारे जोड) जमवले होते: जास्त बारकाव्याचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं), नवी घरं, नवे पोशाख, हवामानातले बदल.

संगणक मध्यम कुवतीचा होता. प्रोसेसर चार कोर आणि आठ थ्रेडचा (म्हणजे एका वेळी कामाचे आठ धागे चालवणारा), रॅम 16 जीबी. विंडोज एका छोट्या एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) होतं. गेम, मॉड आणि बाकी सगळा पसारा 5400 आरपीएमच्या (मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या) मोठ्या हार्ड डिस्कवर. सुरुवातीला, मॉड नसताना, गेम मिनिटभरात उघडायचा. पुढे हा वेळ वाढत गेला. रोज थोडा थोडा वाढल्यामुळे तो नेमका कधी असह्य झाला हे तिलाही सांगता येत नव्हतं.

तक्रार

मुख्य मेनूवर ‘कंटिन्यू’ दाबल्यापासून पात्र हलायला लागेपर्यंत साडेचार मिनिटं. नकाशावरून एका गावातून दुसऱ्या गावात उडी मारायची तर प्रत्येक वेळी दीड मिनिट. अशा गेममध्ये दर थोड्या वेळाने एखादं दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की लोडिंग स्क्रीन. तासभर खेळायला बसलं तर त्यातला मोठा हिस्सा वाट बघण्यातच जायचा. तिने खेळणं जवळपास सोडलं होतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं. एकदा गेम चालू झाला की तो व्यवस्थित चालायचा.

माझ्याकडे येण्याआधी तिने बरंच काही करून पाहिलं होतं. ग्राफिक्सची सेटिंग खाली आणली. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकला, तोही पुन्हा पुन्हा. गेम काढून परत इन्स्टॉल केला आणि त्यावर सगळे मॉड परत चढवले. ‘गेम वेगवान करणारं’ म्हणून मिळणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. शेवटी नवी साटा एसएसडी (केबलने जोडायचा साधा प्रकार) विकत घेऊन गेम तिच्यावर हलवला.

एवढं करून साडेचारचे साडेतीन मिनिटं झाले. एसएसडी घेतल्यावर लोडिंग पाच-दहा सेकंदांवर येईल अशी तिची अपेक्षा होती. त्यामुळे मिनिटभराच्या सुधारणेचा आनंद होण्याऐवजी आपण फसवले गेलो असं तिला वाटत होतं. ओळखीतल्या लोकांचे सल्ले तीन दिशांना जात होते: एसएसडी सदोष आहे, ती परत करा; विंडोज पुन्हा टाका; रॅम दुप्पट करा.

पहिला निर्णय: आधी मोजायचं

या तीनही सल्ल्यांमागे एकेक गृहीतक होतं, पण कोणीच ते तपासलं नव्हतं. लोडिंग स्क्रीन दिसत असताना आत अनेक कामं चाललेली असतात. फाइली उघडणं, डिस्कवरून वाचणं, दाबून ठेवलेला डेटा उलगडणं, त्यातून जग उभं करणं, टेक्स्चर ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत पाठवणं. यातल्या एखाद्याच कामापाशी सगळं अडत असेल तर बाकीच्यांचा वेग कितीही वाढवला तरी वाट बघणं तेवढंच राहतं. म्हणून पहिला प्रश्न असा ठरवला: गेम या साडेतीन मिनिटांत नक्की कशासाठी थांबतो?

याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. जीटीए ऑनलाइन हा गेम कित्येक वर्षं लोड व्हायला मिनिटंच्या मिनिटं घ्यायचा आणि खेळाडू आपल्या डिस्कला किंवा इंटरनेटला दोष द्यायचे. 2021 मध्ये एका स्वतंत्र प्रोग्रामरने शोधून काढलं की गेम साधारण 10 एमबीची, सुमारे 63,000 नोंदींची एक यादी अतिशय अकार्यक्षम पद्धतीने वाचत होता आणि त्यात प्रोसेसरचा एकच कोर मिनिटं जाळत होता. ती पद्धत बदलल्यावर त्याच्या संगणकावर लोडिंगचा वेळ सुमारे 70 टक्क्यांनी घटला. कंपनीने ती दुरुस्ती मान्य केली आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अपडेटमधून सर्वांना दिली. जगातली सर्वांत वेगवान डिस्कही तिथे काही करू शकली नसती, कारण गेम डिस्कसाठी थांबलेलाच नव्हता.

मोजण्याचे नियम साधे ठेवले. एकच सेव्ह फाइल, तीच जागा, फोनवरचं स्टॉपवॉच. प्रत्येक मोजमाप तीनदा घेऊन मधला आकडा धरायचा. आणि प्रत्येक बाब दोन प्रकारे मोजायची: संगणक रीस्टार्ट केल्यावर लगेचचं पहिलं लोडिंग, आणि गेम बंद करून पुन्हा उघडल्यावरचं दुसरं लोडिंग. पहिल्याला ‘थंड’ म्हणू, दुसऱ्याला ‘गरम’.

हा फरक महत्त्वाचा, कारण विंडोज वाचलेल्या फाइली रिकाम्या रॅममध्ये जपून ठेवतं. त्याच फाइली पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायची गरज पडत नाही. म्हणजे गरम लोडिंगमध्ये डिस्कचा वाटा जवळपास शून्य होतो, आणि थंडातून गरम वजा केलं की डिस्कने खाल्लेला वेळ ढोबळमानाने हाती येतो. कुठलंही खास साधन न वापरता मिळणारी ही सर्वांत कामाची माहिती आहे. अट एकच: गेम जेवढं वाचतो तेवढं ठेवायला रॅममध्ये जागा हवी. 16 जीबीत ती होती.

जुळत नसलेले आकडे

थंड लोडिंग साडेतीन मिनिटं. गरम लोडिंग तीन मिनिटं पंचवीस सेकंद. जवळजवळ सारखंच.

यावरून सरळ निष्कर्ष निघत होता की डिस्कचा काही संबंध नाही, सगळा भार प्रोसेसरवर आहे. पण त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये (संगणकाचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या साधनात) वेगळंच दिसत होतं. लोडिंगच्या पहिल्या टप्प्यात नवी एसएसडी निवांत होती, पाच-दहा टक्क्यांवर, आणि जुनी हार्ड डिस्क सलग 100 टक्क्यांवर. जिच्यावरून गेम हलवला होता तीच!

म्हणजे दोन गोष्टी एकमेकींना खोटं पाडत होत्या. डिस्क जर एवढी झिजत असेल तर दुसऱ्यांदा लोड करताना वेळ वाचायला हवा होता. इथे पुढे धावण्याचा मोह होतो: ‘हार्ड डिस्क 100 टक्के दिसतेय ना, मग ती बदला’. आम्ही थांबलो, आणि या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा निर्णय मला हाच वाटतो. दोन मोजमापं जुळत नसतील तर बहुधा तिसरं काहीतरी मध्ये लुडबुड करत असतं.

ते तिसरं म्हणजे तिने बसवलेलं ‘गेम वेगवान करणारं’ सॉफ्टवेअर. त्यात ‘रॅम मोकळी करा’ अशी सोय होती. गेम सुरू होताना एकदा, आणि नंतर ठरावीक वेळाने ते रॅम ‘साफ’ करायचं. साफ म्हणजे काय, तर विंडोजने जपून ठेवलेल्या फाइलींचा साठा फेकून द्यायचा. मोकळ्या रॅमचा आकडा मोठा दिसायचा, खेळाडूला बरं वाटायचं, आणि गेमला प्रत्येक वेळी सगळं डिस्कवरून नव्याने वाचावं लागायचं. तो साठा कुणाची जागा अडवत नाही. एखाद्या प्रोग्रामला खरोखर रॅम लागली की विंडोज तो क्षणात सोडून देतं. अशी सॉफ्टवेअर कळकळीने टाळावीत असं मला वाटतं, कारण ती वापरणाऱ्याला आपण काहीतरी चांगलं केलं असं समाधान देतात आणि दुखणं लपवतात.

ते काढून टाकलं आणि पुन्हा मोजलं. थंड साडेतीन मिनिटं, तेवढंच. गरम दोन मिनिटं दहा सेकंद. आता आकडे एकमेकांशी बोलायला लागले. सुमारे 80 सेकंद डिस्कचे, 130 सेकंद दुसऱ्या कशाचे. दुखणी एकाहून जास्त आहेत हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झालं.

मॉड कुठे राहतात

हार्ड डिस्क का चालत होती याचं उत्तर मॉड मॅनेजरमध्ये, म्हणजे मॉड बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये सापडलं. तिचा मॉड मॅनेजर मॉडच्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाकत नसे. त्या तो स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि गेम चालू असताना त्या गेमच्याच फोल्डरमध्ये आहेत असा आभास तयार करायचा. पद्धत चांगली आहे, मूळ गेम स्वच्छ राहतो. पण तिने एसएसडीवर हलवला तो फक्त गेम. मॉडचं फोल्डर जुन्या डिस्कवरच राहिलं, आणि लोडिंगच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलींत मॉडच्याच फाइली जास्त होत्या.

हार्ड डिस्कला हे इतकं जड का जातं ते समजून घेण्यासारखं आहे. 5400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 90 फेरे. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी काही मिलिसेकंद. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या तर अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तर वाचनांच्या पलीकडे फारशी जात नाही. एकच मोठी फाइल सलग वाचताना तीच डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी सहज देते. साध्या एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे ती अशी वाचनं सेकंदाला हजारोंनी करते. मॉडच्या फाइली हजारोंनी होत्या आणि एकेक फाइल लहान. हार्ड डिस्कसाठी याहून वाईट काम शोधून सापडणार नाही.

पर्याय

इथे बसून सगळे पर्याय मांडले, आधी सुचवलेलेसुद्धा.

एसएसडी परत करणं लगेच बाद झालं. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामवर तिचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला 500 एमबीच्या पुढे येत होता, साटासाठी तो अपेक्षितच आहे. स्मार्टच्या नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या) खराब सेक्टर नव्हते आणि सीआरसी चुकांचा, म्हणजे डेटा ने-आण करताना होणाऱ्या चुकांचा आकडा वाढत नव्हता. हा शेवटचा आकडा आवर्जून पाहावा. साटा केबल ढिली किंवा खराब असली की तो वाढत जातो आणि निर्दोष डिस्कही मंद भासते.

रॅम वाढवणंही बाद. लोडिंगच्या वेळी एकूण वापर 16 जीबीच्या बराच खाली होता आणि विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्टचा (रॅममध्ये नसलेली गोष्ट डिस्कवरून आणावी लागण्याचा) आलेख जवळपास सपाट होता. पेजफाइलकडे (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं त्या जागेकडे) धाव घ्यावी लागत नसेल तर जास्तीच्या रॅमने लोडिंग फारसं बदलत नाही.

विंडोज पुन्हा टाकण्याबद्दल ती स्वतः आग्रही होती. मी नको म्हटलं. त्याने कदाचित फरक पडलाही असता, कारण ते रॅम साफ करणारं सॉफ्टवेअर आपोआप गेलं असतं. पण नक्की कशामुळे फरक पडला हे कधीच कळलं नसतं, आणि पुढच्या महिन्यात तेच सॉफ्टवेअर परत आलं असतं.

साटाऐवजी एनव्हीएमई एसएसडी (जास्त वेगवान प्रकार) घ्यावी का, हा प्रश्न जास्त विचार करण्याजोगा होता. कागदावर ती कित्येक पट वेगवान. पण त्या वेगाचा उपयोग व्हायला गेमही तसा लिहिलेला हवा. दाबलेला डेटा उलगडण्याचं काम प्रोसेसर करत असेल तर डिस्क त्याच्यासाठी थांबून राहते. म्हणूनच 2020 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 मध्ये डेटा उलगडायला वेगळं हार्डवेअर दिलं आहे, आणि विंडोजवर 2022 मध्ये डायरेक्टस्टोरेज ही गेमचा डेटा डिस्कवरून झटपट वाचण्याची सोय आली. त्याच वर्षाच्या अखेरीच्या आवृत्तीत हे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची सोय झाली. तिचा गेम या सगळ्याच्या आधीचा. 130 सेकंद डिस्कशिवाय जात असताना आणखी वेगवान डिस्क घेणं व्यर्थ होतं.

सगळे मॉड काढून टाकणं हा सर्वांत खात्रीचा उपाय होता. तिने स्पष्ट सांगितलं, “तुम्ही म्हणाल ते करून बघते, पण मॉड राहिले पाहिजेत आणि माझ्या सेव्हला हात लागता कामा नये.” हे मला पूर्ण पटलं. लोडिंग वेगवान करायचं ते तिला तिचा गेम तिच्या पद्धतीने खेळता यावा म्हणून.

केलेली कामं

पहिलं काम सोपं. सेव्ह फाइलींची प्रत वेगळ्या जागी काढून ठेवली आणि मॉड मॅनेजरच्याच सेटिंगमधून मॉडचं फोल्डर एसएसडीवर नेलं. थंड लोडिंग दोन मिनिटं वीस सेकंदांवर आलं, गरम दोन मिनिटं पाचवर. दोघांतलं अंतर 15 सेकंद उरलं, म्हणजे डिस्कचा प्रश्न संपल्यात जमा होता.

आता उरलेली दोन मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर 30 ते 35 टक्के दिसत होता. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो की प्रोसेसर मोकळा आहे. आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त 12.5 टक्के दिसतो. शिवाय विंडोज तो थ्रेड एका कोरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे वेगवेगळ्या कोरांचे आलेख उघडले तरी एकही पूर्ण भरलेला दिसेलच असं नाही. प्रोसेस एक्स्प्लोरर या जास्त बारकाईने दाखवणाऱ्या साधनात गेमचे थ्रेड वेगवेगळे पाहिले तेव्हा एक थ्रेड सतत 12 टक्क्यांच्या आसपास चिकटलेला होता. आणि गेमच्या जोडीला आणखी एक प्रोसेस तेवढीच राबत होती: अँटिव्हायरस.

कुठला प्रोग्राम कुठली फाइल उघडतो ते दाखवणाऱ्या प्रोसेस मॉनिटरने चित्र पूर्ण केलं. गेम एकामागून एक हजारो सुट्या फाइली उघडत होता, आणि प्रत्येक फाइल उघडताना अँटिव्हायरस ती तपासत होता. मूळ गेमचा डेटा मोजक्या मोठ्या संग्रह फाइलींमध्ये बांधलेला असतो. त्या एकदा उघडल्या की झालं. सुट्या मॉडमध्ये प्रत्येक टेक्स्चर ही वेगळी फाइल, म्हणजे प्रत्येकीला वेगळी तपासणी.

अंदाज पडताळायला इंटरनेट बंद करून मॉडचं फोल्डर तात्पुरतं तपासणीतून वगळलं. गरम लोडिंग एक मिनिट चाळीसवर आलं. म्हणजे सुमारे 25 सेकंद अँटिव्हायरसचे. लगेच वगळणी काढून टाकली.

ही वगळणी कायम ठेवावी का, यावर आमची बरीच चर्चा झाली. गेमचं फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मूळ गेमपुरता तो ठीक असेलही. पण मॉड अनोळखी लोकांनी बनवलेले असतात, काहींबरोबर डीएलएल फाइली (चालवता येणाऱ्या कोडच्या फाइली) येतात आणि त्या गेमइतक्याच हक्काने चालतात. संगणकावर ज्या फोल्डरची तपासणी सर्वांत जास्त गरजेची आहे, नेमकं तेच वगळायचं? पंचवीस सेकंदांसाठी हा सौदा मला मान्य नव्हता. तिलाही नव्हता.

मग मुळाकडे गेलो. तपासणी कमी करण्याऐवजी तपासायच्या फाइलींची संख्याच कमी केली. मॉडमधले टेक्स्चर आणि मॉडेल या गेमच्या स्वतःच्या संग्रह प्रकारात बांधले. हे काम सावकाश करावं लागतं. या गेममध्ये सुट्या फाइलींना संग्रहातल्या फाइलींपेक्षा वरचढ मान असतो, त्यामुळे काही बांधलं आणि काही सुटं ठेवलं तर कुठला मॉड कुणावर चढतो याचा क्रम बदलतो. एका गावातल्या घरांच्या भिंती अचानक जुन्या दिसायला लागल्या तेव्हा तो क्रम पुन्हा लावावा लागला. स्क्रिप्ट आणि सेटिंगच्या फाइलींना आम्ही हात लावला नाही. शेवटी अँटिव्हायरस चालू असताना गरम लोडिंग एक मिनिट चाळीस, म्हणजे वगळणीने जेवढा फायदा मिळत होता तेवढाच, आणि सुरक्षितता जागच्या जागी.

फ्रेमची मर्यादा

एवढ्यावर थांबता आलं असतं. साडेचार मिनिटांवरून पावणेदोनच्या आसपास आलो होतो. पण एक थ्रेड अजूनही विचित्र वागत होता: मधल्या काळात तो पूर्ण भरलेलाही नव्हता. ना डिस्क व्यस्त, ना प्रोसेसर, तरी गेम थांबलेला. असं दिसलं की गेम काहीतरी ठरवून वाट बघतोय असं समजावं.

काही जुन्या इंजिनांत (गेम ज्यावर उभा असतो त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लोडिंगचं काम फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या ठेक्यावर चालतं. प्रत्येक फ्रेमला थोडं काम, मग पुढच्या फ्रेमपर्यंत विश्रांती. 2015 च्या फॉलआउट 4 या गेममध्ये हे चांगलंच ठाऊक झालेलं आहे; तिथे लोडिंग स्क्रीनवर फ्रेमची मर्यादा उठवली की लोडिंग झपाट्याने उरकतं. मी तिला ग्राफिक्स ड्रायव्हरचं कंट्रोल पॅनेल उघडायला सांगितलं. तिथे या गेमसाठी सेकंदाला 30 फ्रेमची मर्यादा लावलेली होती. पंख्याचा आवाज कमी व्हावा म्हणून तिने ती केव्हातरी लावली होती आणि मग ती विस्मरणात गेली. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकल्यावरही तिच्या जतन केलेल्या प्रोफाइलमधून ती परत येत होती.

मर्यादा 60 वर नेली तर गरम लोडिंग एक मिनिट पाच सेकंद. एका आकड्याने पस्तीस सेकंद वाचले.

मग सरळ मर्यादाच काढून टाकावी? तो मोह टाळला. याच प्रकारच्या इंजिनांत वस्तूंची हालचाल आणि धक्के फ्रेमच्या वेगाशी बांधलेले असतात. वेग फार वाढला की टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात आणि संवाद तुटतात. शिवाय रिकाम्या लोडिंग स्क्रीनवर शेकडो फ्रेम काढत बसल्याने ग्राफिक्स कार्ड विनाकारण तापतं. तोडगा म्हणून खेळताना 60 ची मर्यादा ठेवली आणि फक्त लोडिंग स्क्रीनपुरती ती उठवणारा एक छोटा, बऱ्याच काळापासून वापरात असलेला मॉड घेतला.

परिणाम

थंड लोडिंग आता मिनिटभर. गरम लोडिंग 50 सेकंदांच्या आसपास. गावागावांतल्या उड्या दीड मिनिटावरून वीसेक सेकंदांवर आल्या, आणि तिला सर्वांत जास्त जाणवलेली सुधारणा हीच. गेम उघडताना एकदा मिनिटभर थांबणं तिला चालत होतं. दर उडीला दीड मिनिट थांबणं तिचं खेळणं मोडत होतं. सगळे मॉड जागेवर आहेत, सेव्ह तीच आहे, नवी एसएसडी घेतल्यानंतर एकही नवी वस्तू विकत घेतलेली नाही.

ग्राफिक्स सेटिंग तिने खाली आणल्या होत्या, त्या पुन्हा मूळ पातळीवर नेल्या. लोडिंग सातेक सेकंदांनी वाढलं. ते तिने आनंदाने स्वीकारलं.

वेगळं काय करता आलं असतं

एसएसडीची खरेदी चुकीची नव्हती. ती नसती तर मॉड हलवायला जागाच नव्हती. पण गेम हलवल्यावर कुठली डिस्क चालते आहे हे टास्क मॅनेजरमध्ये एकदा पाहिलं असतं तर तिची निराशा तिथेच संपली असती. मोठा गेम हलवताना त्याच्या सोबतीच्या गोष्टी कुठे आहेत हे तपासणं कुणीच सुचवत नाही: मॉडचं फोल्डर, सेव्ह, शेडरचा (ग्राफिक्स कार्ड चित्र काढायला वापरतं त्या छोट्या प्रोग्रामांचा) साठा.

ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्याने तिचं चित्र जास्तच गढूळ झालं. ड्रायव्हर बदलला की आधी तयार करून ठेवलेले शेडर बाद होतात आणि ते नव्याने तयार होईपर्यंत गेम मंद वाटतो. ती ड्रायव्हर टाकायची, लगेच गेम उघडायची, मंद वाटला की आणखी एखादी आवृत्ती टाकायची. बदल केल्यावरचं पहिलं लोडिंग मोजमापात धरू नये, हा नियम तिने आता स्वतःसाठी लिहून ठेवला आहे.

कामांच्या क्रमाबद्दलही मी विचार केला. फ्रेमची मर्यादा तपासायला दोन मिनिटं लागतात आणि ती चुकीची ठरली तर काही बिघडत नाही. संग्रह बांधण्याच्या लांबलचक कामाआधी ती तपासली असती तर मोठा दिलासा लवकर मिळाला असता, आणि कदाचित तिने संग्रह बांधण्याचा खटाटोप केलाही नसता. सरसकट मॉड बंद करून एकदा कोऱ्या गेमचं लोडिंग मोजणंही सुरुवातीलाच करण्याजोगं होतं. त्यासाठी वेगळी नवी सेव्ह वापरायची, म्हणजे जुन्या सेव्हला धोका नाही. तो आकडा हाती असता तर मॉडमुळे किती वेळ जातो आणि मूळ गेमलाच किती लागतो याचा अंदाज पहिल्या दिवशी आला असता.

एक भाग सुटलेला नाही. नकाशाच्या एका कोपऱ्यातल्या शहरात शिरताना गेम अजून बाकीच्या जागांपेक्षा बराच जास्त वेळ घेतो. नव्या सेव्हमध्ये तीच जागा लवकर उघडते, म्हणजे संशय जुन्या सेव्हवर जातो. तिने मध्यंतरी काही मॉड खेळ अर्ध्यावर असताना काढले होते, आणि त्यांच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहिलेले असण्याची शक्यता आहे. असे अवशेष काढणारी साधनं मिळतात. ती चुकली तर नुकसान लगेच दिसत नाही. कित्येक तास खेळल्यावर एखादी मोहीम अडकते आणि मागे जायला धड सेव्ह उरत नाही. आम्ही प्रत काढलेल्या सेव्हवरसुद्धा तो प्रयोग केला नाही, कारण तो खरोखर यशस्वी झाला की नाही हे ठरवायला तिला त्या प्रतीवर आठवडेच्या आठवडे खेळावं लागलं असतं. तिने त्या शहरात शिरताना थोडं थांबणं पसंत केलं.